बुवांच्या तोंडावरचा उजेड

“यांना तोंडच नाही!”

आई एवढ्या मोठ्यानं बोलली की पेटीवर बसलेल्या लेवीकाकांचा भात्यावरचा हात तिथंच थांबला. नवं चर्च अजून रिकामं होतं, बाकं यायची होती. काँक्रीटच्या उंच भिंतींनी तिचं वाक्य घोळवून पुन्हा आमच्या अंगावर टाकलं.

समोर, वेदीच्या पायऱ्यांखाली माझे बाबा उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, हातात झांज. अठ्ठावीस फुटांवरच्या छतातून उजेडाचा एक सरळ खांब त्यांच्यावर उतरला होता. मी मागच्या भिंतीशी डिमरच्या बटणांजवळ उभी होते आणि खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. त्या चर्चची प्रकाशयोजना माझी होती.

“काय म्हणालीस?” बाबांनी झांज खाली घेतली.

आई सतरंजीवर अगदी पुढं, त्यांच्यापासून सहा हातांवर बसली होती. “बोलू नका. तुम्ही काय बोलता ते मला कळत नाही,” ती म्हणाली. “फेटा दिसतो. नाकाचा शेंडा दिसतो. त्याखाली नुसता काळोख. एस्तर, तुझ्या बाबांचं तोंड कुठं ठेवलंस गं?”

लेवीकाका हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बाबा हसले नाहीत.

मी सहा वर्षांची असताना आईला क्षय झाला होता. तीन महिने तिला सुया टोचल्या. क्षय गेला, पण त्या सुया तिचे दोन्ही कान घेऊन गेल्या. त्याआधी आमच्या मंडळीत पहिला सूर तिचा असायचा. नंतर तिनं गाणं सोडलं. “सूर कुठं चाललाय ते मला दिसत नाही,” एवढंच म्हणाली. पण बोलणं तिला दिसायचं. ओठांवरून ती माणसाचं वाक्य असं उचलायची की नवख्याला ती बहिरी आहे हे तासभर कळायचं नाही. फक्त तिचा आवाज तेवढा सपाट झाला होता, आणि मोठा.

बाबा म्हणजे शांतवनबुवा रणभिसे. नगर जिल्ह्यात गोदाकाठच्या मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की त्यांचं नाव निघायचं. नमन झालं, पद झालं, की झांज काखेत मारून ते दोन पावलं पुढं यायचे आणि एखाद्या शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तशी मोशेची किंवा रूथची गोष्ट सुरू करायचे. मध्येच साकी, मध्येच दिंडी अशा चाली गायच्या. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि त्याच पदरानं पुढच्या पाचव्या मिनिटाला डोळे पुसायच्या. मी पुष्कळ मोठमोठे उपदेशक ऐकले आहेत, पण देवाचं वचन गात गात येतं तेव्हा ते माणसाच्या दारातच थांबून राहत नाही, थेट चुलीपाशी येऊन बसतं, हे मी बाबांच्या कीर्तनात शिकले.

आणि प्रत्येक कीर्तनाला आई पुढं बसलेली. घरी आल्यावर बाबा फेटा उतरवायच्या आधी तिच्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, “कसं झालं?”

“दुसऱ्या पदात घाई केलीत,” आई सांगायची. “आणि पेत्राच्या तोंडी घातलंत ते वाक्य योहानाचं आहे.”

पस्तीस वर्षांत तिनं ‘छान झालं’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. बाकीचे लोक हार घालायचे, बाबा ते हार गाडीतच विसरून यायचे. आईनं काढलेली चूक मात्र ते वहीत लिहून ठेवायचे.

तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी नव्या चर्चचं समर्पण होतं आणि त्यात बाबांचं कीर्तन. सोमवारी पुण्याला त्यांचं ऑपरेशन. घशात गाठ होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. “एवढं एक करू द्या,” बाबांनी हात जोडले तेव्हा डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले होते, “एकच. त्यानंतर आवाज नाही. कायमचा.”

म्हणजे रविवारचं कीर्तन शेवटचं. ते सगळा गाव ऐकणार होता. एकट्या आईला ते ऐकू येणार नव्हतं, आणि त्याचं कारण मी होते.

मी पुढं धावले आणि आईशेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसले. बाबांना म्हटलं, “म्हणा काहीतरी.” त्यांनी घोगऱ्या आवाजात रविवारची पहिली साकी धरली. आख्यान त्यांनी मुद्दाम जखऱ्याचं निवडलं होतं, मंदिरात गेला आणि मुका होऊन बाहेर आला त्या याजकाचं आणि त्याच्या बायकोचं, अलीशिबेचं.

“मंदिरि गेला धूप जाळण्या, वाचा ठेवुनि आला । काय सांगु मी अलीशिबेला, प्रश्न मुक्याला झाला ॥”

मला ऐकू आलं. दिसलं काहीच नाही. वरून पडणाऱ्या उजेडानं फेट्याची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर, नाकाची आणि मिशीची सावली ओठांवर. पाठीमागं वेदीच्या भिंतीतली उभी फट, तिच्यातून येणारा दिवसाचा उजेडही पाठीवरच. माझ्या बाबांच्या जागी एक फेटा घातलेली सावली उभी होती.

“फेटा काढून बघा,” मी म्हटलं.

“फेटा काढला तर बुवा कसला? न्हावी वाटेन,” ते पुटपुटले, तरी काढला. टक्कल चमकलं. ओठ तसेच काळे.

“आता तर टकलाशिवाय काहीच दिसत नाही,” आई म्हणाली.

जुन्या चर्चला दोन्ही बाजूंनी उंच खिडक्या होत्या. बाबांच्या दोन्ही गालांवर उजेड असायचा, आणि आईची जागा ठरलेली. ते पाडून हे नवं बांधलं. चिरमुले म्हणून पुण्याचे आर्किटेक्ट होते, माणूस बुद्धीचा. खिडक्या नाहीत, काळोखातून एकच उजेड, जमिनीला काळा, पॉलिश न केलेला कडप्पा. ते चित्र पाहून मी वेडी झाले होते. बाबांनीच समितीपुढं शब्द टाकून मला ते काम मिळवून दिलं होतं.

मी तिथल्या तिथं चिरमुल्यांना फोन लावला. म्हटलं, “सर, समोरून दिवे हवेत. वेदीच्या पुढं छतात चार.”

“एस्तर, छत ओतून सात महिने झाले. वायरींचे पाइप कुठून टाकणार? आणि लटकतं काही मला चालणार नाही, तुला माहीत आहे.” मग ते म्हणाले, “तुझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये होते ना ते चार? मी तर हो म्हणालो होतो. तू का काढलेस?”

“मीच काढले, सर,” मी म्हटलं. मला माहीत होतं का काढले ते. समोरचे चार दिवे वेदीमागच्या भिंतीवर बाबांच्या सावल्या टाकत होते, आणि मला ती भिंत, त्या भिंतीवरचा क्रूस स्वच्छ हवा होता. माणसाच्या जागी एका स्टुलावर पांढरा डबा ठेवून मी सगळी पारख केली होती. डब्याला ओठ नव्हते. बहिऱ्या बाईच्या पोटी जन्मून, तिच्याशी बोलताना आयुष्यभर तोंड उजेडाकडं करायला शिकून, मी तोंडाचाच उजेड खोडून टाकला होता.

फोन ठेवला तेव्हा बाबा फेटा पुन्हा बांधत होते. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं फोनमधलं माझं बोलणं वाचलं होतं.

“तुझीच चूक ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“बरं,” ती म्हणाली आणि सतरंजीची घडी घालायला लागली.

शनिवारी सकाळी मी मांडववाल्याकडून दोन मोठे हॅलोजन आणले. स्टँडवर चढवून बाबांच्या समोर, डावी-उजवीकडं लावले. बटण दाबलं आणि बाबांचं तोंड ठळक उजळलं. मिशीचा एकेक केस दिसला. आईनं मान डोलावली. मी मनात स्तोत्र म्हणायला सुरुवात केली.

बाबांनी डोळ्यांवर हात धरला. “एस्तू, मला माणसं दिसत नाहीत.”

“थोडं सहन करा, बाबा. तासाभराचा प्रश्न आहे.”

“अगं, माणसं दिसली नाहीत तर मी सांगू कुणाला? दिव्याला?” तरी त्यांनी झांज उचलली. नमन झालं. पद सुरू झालं. दहा मिनिटं झाली असतील. हॅलोजनच्या आचेनं त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, घसा कोरडा पडत होता, मला ऐकू येत होतं. त्यांनी तान घ्यायला तोंड उघडलं आणि खोकला आला. तो थांबेना. ते वाकले, गुडघ्यावर हात टेकले, उपरण्याचा शेव तोंडाला लावला. शेव दूर केला तेव्हा त्यावर लाल ठिपके होते.

लेवीकाकांनी उठून दिवे बंद केले. माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरी, याला उद्याचा दिवस तरी पाहू दे.”

बाबा पायरीवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “लेवी, पाळकांना सांग. उद्या त्यांनी उपदेश करावा. कीर्तन नाही.”

“शांतवन, चार तालुक्यांतून माणसं निघालीत. पलीकडच्या मंडळीनं तर ट्रक केलाय.”

“त्यांना गोडाचं जेवण आहे ना? ते जेवतील.”

“आवाज आहे तुझा अजून. गा की बाबा!” लेवीकाका आईकडं हात करून म्हणाले, “मालूवहिनींना आपण लिहून देऊ सगळं आख्यान. हातात कागद धरून बसतील.”

आईनं ते वाचलं. “कागदच वाचायचा असता तर मी पोस्टमनशी लग्न केलं असतं,” ती म्हणाली.

बाबा खाली बघत म्हणाले, “लेवी, तुला कळत नाही. मी घरी जाऊन विचारणार कुणाला, कसं झालं म्हणून? हार घालणाऱ्यांना? हे शेवटचं आहे. त्याचं कसं झालं ते मला कळायला नको?”

अंगणात कडुलिंबाखाली करू म्हणावं, तर उघड्यावर त्यांचा आवाज दहा फुटांपलीकडं जात नव्हता, आणि धूळ घशाला. आईला अगदी जवळ बसवून पाहिलं. हातभर अंतरावरूनही काळोख तो काळोखच. बाजूची भिंत फोडून खिडकी काढावी असलं काहीबाही माझ्या मनात येत होतं. दुपारचे दोन वाजले. मी वेदीमागं जाऊन गुडघे टेकले. प्रार्थना करायला तोंड उघडलं. देवाला काय सांगणार होते? तुझं घर मी फार सुंदर उजळलं, फक्त त्यात माझ्या बापाचं तोंड राहून गेलं? मी तशीच थंड फरशीवर कपाळ टेकून पडून राहिले. त्या काळ्या कडप्प्याला मी कौतुकानं हात लावून बघितलं होतं, उजेड कसा पिऊन टाकतो म्हणून. आता तो माझा जीव पीत होता.

पलीकडून बाबांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. लेवीकाका जेवायला गेले होते. माझा तो उजेडाचा खांब कुणी बंद केला नव्हता, आणि बाबा त्याच्याच खाली, खालच्या पायरीवर, मांडीवर आपली कीर्तनाची मोठी वही उघडून बसले होते. आई त्यांच्यासमोर सहा हातांवर बसली होती.

“जन्मभर चुका काढल्या,” बाबा वहीच्या पानांशी बोलत होते. आपलं तोंड तिला दिसत नाही अशा समजुतीनं. “एकदा चांगलं म्हणाली असती तर हिचं काय जात होतं? हट्टी बाई.”

“हट्टी तुम्ही,” आई म्हणाली. “आणि चांगलं झालं असतं तर म्हटलं असतं.”

बाबांनी दचकून मान वर केली. मी वेदीमागून उठले.

“आई, तू काय म्हणालीस?”

“हे मला हट्टी म्हणाले.”

“तुला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? दिसलं.” मग तिलाही कळलं. ती हळूहळू उभी राहिली.

मी बाबांच्या समोर जाऊन बसले. वहीची दोन्ही पानं पांढरी होती. छतातून येणारा सगळा उजेड पानांवर पडून उलटा वर उठत होता, बाबांच्या हनुवटीवर, मिशीखाली, ओठांवर. मऊ, डोळ्यांना न टोचणारा. त्यांचे ओठ मला स्पष्ट दिसत होते.

“बाबा, वही मिटा.”

मिटली. तोंड गेलं.

“उघडा.”

उघडली. तोंड आलं.

“हे काय चाललंय?” बाबा म्हणाले. “मी उद्या वही पोटाशी धरून गाऊ का?”

“वही नको. जमीन पांढरी पाहिजे,” मी म्हणाले. “तुमच्या पायाखाली. कडप्पा उजेड परत देत नाही, बाबा, सगळा गिळतो. पांढरं कापड पाहिजे, चांगलं लख्ख, तुम्ही उभे राहाल तिथं आणि तुमच्यापुढं.”

जेवून आलेले लेवीकाका दारातूनच म्हणाले, “मांडववाल्याचं पांढरं कापड आणू?”

“ते बुळबुळीत असतं, काका. बाबा घसरले तर?”

आम्ही असं बोलत होतो तोवर आई चपला घालून बाहेर पडलेली. घर जवळ होतं. ती वीस मिनिटांत परत आली. काखेत जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास तिच्याआधी आत आला.

तिनं पुडकं उघडलं. तिची लग्नातली पांढरी रेशमी साडी. आमच्यात नवरीची साडी पांढरी असते, आणि ती एकदाच नेसतात. मग ट्रंकेच्या तळाशी जाते ती पुन्हा कधी बाहेर येत नाही. मी ती फक्त फोटोत पाहिली होती. पस्तीस वर्षांत ती दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झाली होती. काठाला चंदेरी रेघ.

आईनं ती दुहेरी करून काळ्या फरशीवर अंथरली, गुडघ्यांवर बसून तळव्यानं एकेक चुणी काढली. मग बाबांना म्हणाली, “या. उभे राहा.”

बाबा मागं सरले. “तुझ्या लग्नाच्या साडीवर पाय ठेवू?”

“मग काय डोकं ठेवणार? कीर्तन पायांवर उभं राहून करतात ना?”

“अगं, पण...”

“चपला काढा,” आई म्हणाली. “आणि पाय धुऊन या.”

ते नळावर जाऊन पाय धुऊन आले. उपरण्यानं पुसले. साडीच्या काठापाशी क्षणभर थांबले आणि मग जपून, गरम वाळूवर उतरावं तसे, तिच्यावर उभे राहिले. मी मागं धावत जाऊन डिमर पूर्ण वर केला.

फेट्याखाली माझ्या बाबांचं तोंड होतं.

“म्हणा,” आई आपल्या जागेवर बसत म्हणाली.

ते काहीतरी म्हणाले. अगदी हलक्या आवाजात, मला मागं ऐकू आलं नाही. आई खाली बघायला लागली आणि तिनं पदर सारखा केला. ते काय म्हणाले हे मी दोघांनाही कधी विचारलं नाही.

रविवारी सहाशे माणसं असतील. आत मावेनात म्हणून दारांत उभी. बाकं आलीच नव्हती ते बरं झालं. सगळे सतरंज्यांवर बसले, बायका उजवीकडं, पुरुष डावीकडं, जुन्या चर्चमध्ये बसायचे तसे. वेदीपुढची ती पांढरी साडी पाहून बायकांत कुजबुज झाली. एकीनं ओळखली, तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं, आणि मग ती कुजबुज एकदम थांबली. समारंभाला आलेले चिरमुले साडीकडं बघून माझ्याजवळ आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी बाबांकडं, मग खाली फरशीकडं, मग पुन्हा बाबांकडं बघितलं. “मी हे कागदावर पाहायला हवं होतं,” एवढंच म्हणाले आणि चपला काढून सतरंजीच्या टोकाला जाऊन बसले.

बाबांनी नमन धरलं. आवाज फाटका होता. पहिल्या पदात दोनदा विरून गेला. लेवीकाकांनी पेटीचा सूर मोठा करून ती जागा भरली. मी डिमरवरचा हात काढला नव्हता, जणू तो उजेड माझ्या बोटांच्या जोरावर टिकून होता. प्रत्येक तानेला मला वाटायचं, इथं संपलं. पण आख्यान सुरू झालं आणि बाबा बोलायला लागले, त्यांच्या त्या शेजारच्या घरातली गोष्ट सांगण्याच्या बोलीत.

“तर बरं का मंडळी, जखऱ्या म्हातारा झालेला. बायको म्हातारी. देवदूत सांगतोय, तुला मुलगा होईल. आता तुम्ही सांगा, तुमचा कुणाचा विश्वास बसला असता? लेव्या, तुझा बसला असता?”

“मला सहा आहेत, बुवा, पुरे!” पेटीवरून लेवीकाका म्हणाले. सहाशे माणसं हसली.

“ह्याचाही बसला नाही. देवदूत म्हणाला, बसत नाही? मग बस गप्प!” बाबांनी तोंडावर हात ठेवला आणि किती वेळ तरी तसाच ठेवला. हसू विरत गेलं. गावात सगळ्यांना सोमवारचं माहीत होतं. “बाहेर लोक वाट बघतायत. हा बाहेर आला. खुणा करतोय. लोकांना वाटलं, ह्यानं दर्शन पाहिलं. लोकांचं ठीक आहे हो. लोक घरी गेले. पण हा घरी गेला तेव्हा? दारात अलीशिबा उभी. तिला काय सांगितलं असेल ह्यानं? शास्त्रात ते लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहिलं.”

पहिली साकी झाली. दुसरी झाली. मग तिसरी धरली:

“ओठ हालती, शब्द न निघतो, दारी बसला वेडा...”

इथं ते थांबले. लेवीकाकांनी सूर धरून ठेवला. एक आवर्तन गेलं, दोन गेली. बाबांचे ओठ उघडले आणि मिटले. मग त्यांनी झांज एकदा वाजवली आणि सरळ पुढं गेले, “आणि मंडळी, नवव्या महिन्यात काय झालं...”

कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही समजले, चाल अशीच असेल. फक्त पुढच्या रांगेत आईनं उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि परत मांडीवर ठेवलं.

शेवटचं पद सगळ्या मंडळीनं उभं राहून त्यांच्याबरोबर म्हटलं. सहाशे माणसांच्या आवाजाखाली बाबांचा आवाज शेवटी आहे की नाही हे सांगता येईना. लोकांनी हार घातले. आईनं साडी गोळा केली. तिच्यावर दोन पावलांचे मळकट ठसे उठले होते. पाय धुतले होते तरी घाम आलाच होता.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी ‘कसं झालं?’ विचारलं नाही. तेवढा आवाजच उरला नव्हता. आणि अंगण माणसांनी भरलं होतं, पुण्याची गाडी दारात उभी होती.

ऑपरेशन सात तास चाललं. चौथ्या दिवशी त्यांना चार पलंगांच्या साध्या खोलीत आणलं. गळ्याला भोक, नाकातून नळी, डोळे खोल गेलेले. नर्सनं एक पाटी आणि पेन्सिल दिली, “आजोबा, काय हवं ते यावर लिहा हं. बोलायचा प्रयत्न करू नका.”

बाबांनी पाटी बाजूला ठेवली. माझ्याकडं बघून ओठ हलवले. आवाज नाही, श्वास नाही, नुसते ओठ.

“पाणी?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली. “दुखतंय? डॉक्टरांना बोलावू?”

त्यांनी पुन्हा ओठ हलवले. मला कळेना. मी सबंध लहानपण आईशी बोलत काढलं होतं, पण ओठ वाचायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती. नर्सनं वाकून पाहिलं, तिलाही कळेना. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात इतकी हतबल कधी झाले नाही, त्या शनिवारीसुद्धा नाही.

आई बाहेर डबा धुवायला गेली होती. ती आत आली, पदराला हात पुसत. बाबांनी डोळे उघडले आणि तेच पुन्हा म्हटलं.

आई पलंगाजवळ आली. खिडकीचा पडदा तिनं पूर्ण बाजूला सारला, मग त्यांची मान हलकेच उजेडाकडं वळवली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“विचारतायत, कसं झालं,” ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडं वळली. “पहिल्या पदात सूर लागला नाही. त्याचं काही नाही. देवदूताचं नाव घ्यायला विसरलात. आणि तिसऱ्या साकीत शेवटची ओळ खाल्लीत.”

बाबांनी मान हलवली. हो, खाल्ली.

“का खाल्लीत?”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग हळूहळू, एकेक शब्द तिला नीट दिसेल असा, त्यांचे ओठ हलू लागले. आई बघत होती. तिचेही ओठ त्यांच्यामागून हलायला लागले. आणि मग तिनं ती ओळ म्हटली, मोठ्यानं, सपाट, सूर कुठं जातो याची काही फिकीर न करता. अठ्ठावीस वर्षांनी आई गात होती, आणि खोलीतले बाकीचे रोगी उठून बसले होते:

“ती म्हणते, ‘मज कळले सारे, श्वास घ्या तरी थोडा.’”